पोहोचल्याचा फोटो

१

“तुमची ऑर्डर वाटेत आहे,” हे वाक्य मी दिवसाला ऐंशी-नव्वद वेळा तरी लिहिते. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या एका कंपनीच्या मदतकक्षात मी कामाला आहे. मदतकक्ष म्हणजे आमच्या घरातलं खिडकीजवळचं टेबल, एक लॅपटॉप आणि मी. भुकेली माणसं विचारतात, कुठे राहिलं आमचं जेवण? मी पडद्यावरचा ठिपका बघते आणि सांगते, वाटेत आहे. एकदा एका गृहस्थांचं सूप पाऊण तास तलावाच्या मधोमध उभं होतं. तेव्हाही मी सांगितलं, वाटेत आहे. त्यांनी विचारलं, “पोहत येतंय का?”

तेव्हा ठिपक्याचं खरं रूप मला चांगलं ठाऊक आहे. जेवण आणणाऱ्याचा फोन दर काही सेकंदांनी आपला पत्ता कळवतो. उंच इमारतींच्या मध्ये किंवा पुलाखाली तो गप्प बसतो. पण ठिपका थांबला की लोकांचा जीव खालीवर होतो, म्हणून पडदा आपल्या मनानेच त्याला पुढे चालवत राहतो. नकाशावर डुलत डुलत येणारी ती चिमुकली स्कूटर निम्मी खरी असते आणि निम्मी आपलं मन राखायला.

हे मी लग्नानंतर चौथ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, तर त्याचा चेहरा असा पडला, जणू मी त्याच्या मामाला लबाड म्हटलं.

नवरा मोजणीदार आहे. तिपाईवर दुर्बीण लावून तो जमिनी मोजतो, डोंगर मोजतो, दगडांवर पिवळ्या रंगाने खुणा करतो. “ठिपका चुकत नाही गं,” तो म्हणतो, “वाचणारा चुकतो.” मी फारसं बोलत नाही म्हणून तो मला मौनीबुवा म्हणतो. मी त्याला सासूबाईंसमोर अहो म्हणते आणि दार लावलं की अरे.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. स्वभावाने लोणी, पण एक वेड आहे: नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढू द्यायच्या नाहीत. रिमोट, फ्रिजचं दार, वजनकाटा, सगळे अजून कागदात जन्मल्यासारखे. लग्नात आम्हाला दारावर लावायची स्टीलची पाटी आली, घराचा क्रमांक कोरलेली. तीही निळसर पापुद्र्यासकट लागली, आणि सासूबाईंना वाचता यावी म्हणून त्यांच्या उंचीवर, म्हणजे बाकीच्यांच्या छातीशी.

“आई, पापुद्रा काढू दे ना. पाटी कसली मळकट दिसते.”

“आत नवी आहे ती.”

“आत नवी असून काय उपयोग?”

“बंड्या, तू पण आतून चांगला आहेस. आम्ही तेवढ्यावर चालवतोच ना?”

रविवारी गॅसला सुट्टी, हा नियमही त्यांचाच. जेवण बाहेरून. आणि त्यातूनच आमचा खेळ सुरू झाला. ठिपका सांगेल तितक्या मिनिटांत घंटा वाजली तर मी हरले, नाही वाजली तर नवरा. हरणाऱ्याने भांडी घासायची. पंच सासूबाई, हातात स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं घड्याळ. नऊ रविवारांपैकी सात मी जिंकले होते. नवऱ्याचे हात साबणाने मऊ पडले होते, श्रद्धा मात्र टणक होती.

२

दहाव्या रविवारी दुपारी ऊन नुसतं खिडकीवर आदळत होतं.

“सहा मिनिटं,” नवरा म्हणाला.

“चौदा,” मी म्हटलं.

सासूबाईंनी घड्याळाला पीळ दिला. ठिपका कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाशी होता. नवरा पाणी प्यायला उठला, तेवढ्यात माझा फोन थरथरला. *तुमची ऑर्डर पोहोचली आहे.* खाली फोटो.

“दोन मिनिटांत!” नवरा ओरडला. “ठिपक्याच्याही आधी! मौनीबुवा, घासणी तुमची!” त्याने धावत जाऊन दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. पिशवीही नव्हती. जिन्यातल्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा कोऱ्या फरशीवर पडला होता.

“म्हणजे पोहोचली कुणाकडे?” सासूबाईंनी विचारलं.

मी कामावरच्या आवाजात समजावलं. आई, आणणारे कधीकधी आधीच बटण दाबतात, म्हणजे वेळेवर पोहोचल्याची नोंद होते. पुरावा म्हणून दारात पिशवी ठेवून, घराचा क्रमांक दिसेल असा फोटो काढायचा असतो; तर काही जण तोही कुठल्यातरी दुसऱ्या दाराचा चिकटवतात.

असं म्हणत मी फोटो उघडला. दार आमचं होतं.

आमचंच. खालच्या कोपऱ्यात सोफा आत घेताना पडलेला खोक होता. छातीच्या उंचीवर पाटी होती. पाटीवर उजेडाचा एवढा मोठा पांढरा गोळा चमकत होता की क्रमांकाचा शेवटचा आकडाच काय तो दिसत होता. फोटो जरा तिरका आला होता, काढणाऱ्याचा तोल एका बाजूला गेल्यासारखा. दारात पिशवी होती आणि पिशवीखाली हिरवं पायपुसणं.

आमच्याकडे पायपुसणं नव्हतं. कुठल्याच रंगाचं नव्हतं. आणि फोटोतलं तर मधोमध टक्कल पडेपर्यंत झिजलेलं, एका कोपऱ्याचे दोरे सुटलेले.

तेव्हा जिन्यात शीळ ऐकू आली.

नवऱ्याची एक शीळ आहे. तीन सूर चढतात, आणि चौथा यायच्या आत तो विसरतो की आपण शीळ घालत होतो. अडुसष्ट दिवसांत मी तो चौथा सूर ऐकलेला नाही. जिन्यात तेच तीन सूर चढले आणि थांबले.

“हौस बघा,” म्हणत मी वळले. नवरा ओट्यापाशी उभा होता. पेला तोंडाला लावलेला. घटघट पाणी पीत होता.

पाणी पिता पिता शीळ घालता येत नाही. मी नंतर न्हाणीघरात जाऊन करून बघितलं. ब्लाउज बदलावा लागला.

चार मिनिटांनी घंटा वाजली. पन्नाशीच्या एक बाई होत्या, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, हातात आमची पिशवी. धाप लागली होती.

“लिफ्ट चालू आहे की,” सासूबाई म्हणाल्या.

“तिच्यावर माझा भरवसा नाही,” बाई म्हणाल्या.

“फोटो कधी काढलात?” मी विचारलं.

“कुठला फोटो? आत्ता तर वर आले, ताई.” त्यांनी चष्मा लावला, पिशवी फरशीवर ठेवली, मागे सरकल्या आणि फोटो काढला. माझा फोन पुन्हा थरथरला. आधीचा फोटो गेला आणि त्या जागी नवा आला: सरळ, नीटनेटका. कोरी फरशी, मळकट पाटी. पायपुसणं नाही.

रोज पन्नास लोकांना “स्क्रीनशॉट पाठवा” म्हणणाऱ्या मला स्क्रीनशॉट घ्यायचं सुचलं नव्हतं.

३

माणसाचं डोकं मोठं सोयिस्कर असतं. सोमवारपर्यंत मी स्वतःला पटवलं की खालच्या मजल्यावरचं कोणाचंतरी दार असणार. खोक? खोक सगळ्यांच्याच दारांना असतात. शीळ? जिना घुमतो. मंगळवारपर्यंत मला फोटो नीट आठवतही नव्हता.

बुधवारी सासूबाई बाजारातून आल्या आणि काखेतली गुंडाळी दारात उलगडली. हिरवं पायपुसणं.

“कसं आहे गं? तपकिरी पण होतं. पण म्हटलं, हिरवं प्रसन्न वाटतं.”

मी बोटाने दाबून पाहिलं. गुबगुबीत होतं, कोपरे कापल्यासारखे कोरे. वर अर्थातच प्लास्टिक.

“आई, यावर पाय पुसणार कसे?”

“पुसाल हो. एवढी काय घाई आहे?”

घाई कसली असणार. मला फक्त एवढंच कळत होतं की ही वस्तू मी आधी जुनी झालेली बघितली आणि मग नवी.

४

पुढच्या रविवारी मी स्वयंपाक करते म्हटलं. सासूबाई दुखावल्याच. “माझ्या नियमात काय खोट काढलीस?” त्यांनी विचारलं. म्हणून ऑर्डर गेली.

“आठ,” नवरा.

“पंधरा,” मी. पण माझं लक्ष मिनिटांवर नव्हतं. मी फोन मांडीवर उपडा ठेवला होता. पाचव्या मिनिटाला तो थरथरला आणि मी तो उलटला.

तोच तिरका फोटो. तोच उजेडाचा गोळा. झिजलेलं हिरवं पायपुसणं, त्यावर पिशवी, आणि या खेपेला भिंतीलगत चपलाही आल्या होत्या. आम्ही घरात येताना जशा काढतो तशाच, रांगेत. सासूबाईंच्या मरून सपाता पहिल्या. (त्यांनी एकदाच त्याच सपातांचे चार जोड घेऊन ठेवलेत, त्यामुळे त्या अजरामर आहेत.) शेजारी बायकी चपलांचा मोहरी रंगाचा जोड. असा जोड माझ्याकडे नाही. पण डाव्या टाचेची बाहेरची कड घासलेली होती. मी डावा पाय ओढत चालते. आई लहानपणापासून ओरडायची.

आणि मग भिंत. नुसती भिंत.

तिथे नवऱ्याचे बूट असतात. निळे, अकरा नंबरचे, दोनदा तळ बदललेले, डाव्या शेंड्यावर पिवळ्या रंगाचा अंड्याएवढा डाग. “हे बूट मला पुरून उरतील,” असं तो हौसेने सांगतो. फोटोत ते नव्हते.

मी फोन घेऊन दाराशी गेले. पावलं न वाजवता गेले, माझ्याच घरात. पलीकडे शीळ होती, तीन सूर. मग थोडी शांतता, आणि त्यानंतर काहीतरी वेगळंच: ओलसर, हवेचं, फू, फू, जसं कोणी गरम दूध फुंकतंय. गॅसची नळी अशी वाजते, मी स्वतःला म्हटलं. पण जिन्यात गॅसची नळी नाही, हेही मीच स्वतःला म्हटलं.

दाराच्या भोकाला डोळा लावला. बाहेर लखलखीत दुपार होती, तरी दिसला अंधार. काळा नव्हे, लालसर. उजेडासमोर बोट धरल्यावर कडांना दिसतो तसा.

बाहेरून कोणीतरी भोकावर बोट ठेवलं होतं.

“काय बघतेस गं?” मागून नवरा म्हणाला. अनवाणी, हातात तीन ताटं, मान वाकडी करून खांद्याने कान खाजवत. इतका जिवंत माणूस मी कधी पाहिला नव्हता. मी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. भिंतीलगत त्याचे निळे बूट होते, जिथल्या तिथे, एकमेकांकडे तोंड करून गप्पा मारत असल्यासारखे.

चार मिनिटांनी घंटा वाजली, चष्म्याच्या बाई आल्या, त्यांनी त्यांचा फोटो काढला आणि माझा गेला. मी पैज जिंकले होते. नवऱ्याने भांडी घासली आणि घासताना शीळ घातली. मी शेजारी उभी राहून पेले पुसत राहिले, गरज नसताना.

त्या संध्याकाळी मी रिकामी पिशवी पायपुसण्यावर ठेवून वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. कुठूनही काढला तरी पिशवीमागे अकरा नंबरचे बूट लपत नव्हते. सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या.

“अगं, पिशवीचे फोटो काढतेस? नवऱ्याचा तरी काढ एखादा.”

मला रडूच येणार होतं. मी नवऱ्याचा फोटो काढला.

५

मला कशाची भीती वाटत होती ते सांगायला हवं. येत्या मंगळवारी नवरा मोजणीला निघणार होता. बारा दिवस, धरणाच्या वरच्या अंगाला एक खोल घळ आहे तिथे. दोर बांधून उतरायचं, खुणा करायच्या. नकाशा नाही म्हणून तर हे लोक जातात, आणि जिथे नकाशा नसतो तिथे फोनही लागत नाही. असल्या जागी माझा नवरा जाणार आणि माझ्या फोनमध्ये आमचं घर, आम्ही दोघी आणि त्याच्या बुटांची रिकामी जागा.

सोमवारी मी बूट लपवले. त्यामागे पक्का विचार होता. फोटोत बूट नाहीत ना? ठीक आहे, मीच ते दारातून काढते. म्हणजे फोटो खरा झाला आणि कोणाचं काही बिघडलंही नाही. शिवाय बुटांशिवाय तो घळीत उतरणार कसा? मधल्या खोलीत आमची न उघडलेली खोकी आहेत, त्यात उशांच्या खोक्यात मी ते पुरले. उशांवरही प्लास्टिक होतं, तेव्हा वासाची चिंता नव्हती.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं घर उलटंपालटं केलं. सासूबाईंनी फ्रिजसुद्धा उघडून बघितला.

“आई, फ्रिजमध्ये कसे असतील?”

“ज्याचे बूट हरवतात त्याने लोकांना शोधायला शिकवू नये.”

शेवटी ते त्यांनाच सापडले. त्यांनी बूट माझ्यासमोर ठेवले, आमच्याकडे एकदा बघितलं आणि “मला जरा खाली काम आहे” म्हणून सपाता घालून निघून गेल्या. खाली त्यांना काहीही काम नव्हतं.

मग मी बोलले. मौनीबुवा एकदा सुटले की सुटलेच. पायपुसणं, चपला, शीळ, बोट, सगळं. दाखवायला काहीच नव्हतं. नवरा मांडी घालून समोर बसला होता, बूट मांडीवर घेऊन, एखादं मांजर घ्यावं तसे. मला वाटलं, हसेल.

“तू बघितलंस ना?” तो म्हणाला.

“हो रे.”

“मग होतं.”

“एवढंच? तुला भीती नाही वाटत?”

“वाटते की. आता मोहरी रंगाच्या चपला घ्यायला नेशील.” मग त्याने बुटावरचा पिवळा डाग नखाने उगाच खरवडला. “हे बघ. रोज संध्याकाळी मी टेकडीवर चढून फोन करीन. आणि एक सांगू? आमचे साहेब पहिल्या दिवशी शिकवतात. मोजलेल्या जागेत सगळं येतं, झाड, दगड, विहीर. एकच माणूस कधी येत नाही. जो दुर्बिणीमागे उभा असतो तो.”

“याचा इथे काय संबंध?”

“नाही, असंच. मला मोठं छान वाटलं होतं ते वाक्य.”

मंगळवारी पहाटे तो गेला. निळे बूट घालून.

६

पहिले तीन दिवस संध्याकाळी फोन आला. वारा, दोन वाक्यं, पुन्हा वारा. शुक्रवारी आला नाही. शनिवारी आला नाही.

मी कामावर लोकांना सांगत होते, वाटेत आहे, वाटेत आहे, आणि प्रत्येक वेळी भिंतीलगतच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. आता ती खरोखरच रिकामी होती. त्या जागेवर चुकून माझी चप्पल गेली की सासूबाई ती सरकवून बाजूला ठेवायच्या.

रविवारी दुपारी त्या म्हणाल्या, “गॅसला सुट्टी.”

“आई, आज नको.”

“नियम आहे.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “बंड्याच्या वतीने मी पैज लावते. किती म्हणतोय ठिपका?”

“अकरा.”

“मग अकरा. माझा विश्वास आहे.” त्यांनी घड्याळाला पीळ दिला आणि ते छातीशी धरून बसल्या.

खिडकीत असं ऊन होतं की पडदे पिवळे झाले होते. टिकटिक चालू होती. मी फोन या वेळी उपडा ठेवला नाही. सातव्या मिनिटाला जिन्यात पावलं वाजली. जड पावलं, सावकाश, एकाच माणसाची, पण हातात किंवा डोक्यावर ओझं असताना पडतात तशी. कठड्याच्या गजांवरून कोणीतरी चमचा फिरवत होतं, टण टण टण टण. आमच्या मजल्यावर आवाज थांबले.

तीन सूर चढले.

सासूबाईंनी मान वर केली. “आला वाटतं,” त्या म्हणाल्या. इतक्या साधेपणाने म्हणाल्या, जसा काही तो रोजच या वेळी येतो. म्हणजे ऐकू फक्त मलाच येत नव्हतं.

आणि मग, फू, फू, आणि त्या फुंकण्यातून एक बारीक, थुंकीने भिजलेला, पण शंभर टक्के खरा सूर निघाला. चौथा.

फोन थरथरला.

आज फोटोत ऊन नव्हतं. बाहेर डोळे दिपत होते, पण फोटोतलं आकाश भरलेलं असावं, कारण जिन्यात मऊ राखाडी उजेड होता. पायपुसण्याचं टक्कल, पिशवी, मरून सपाता, मोहरी चपला, रिकामी भिंत. फोटो तसाच तिरका. पण पाटीवर आज उजेडाचा गोळा नव्हता. आणि पाटीवर पापुद्राही नव्हता. ती आरशासारखी लख्ख होती.

आरशात कोणीतरी होतं.

मी बोटांनी चित्र मोठं केलं. मोठं केलं की धूसर व्हायचं, लहान केलं की हरवायचं. उंच माणूस, छातीशी दोन्ही हातांनी फोन धरलेला. चेहरा पाटीच्या कोरलेल्या आकड्यांत तुटलेला. मान एका बाजूला वाकलेली, कारण खांद्यांवर काहीतरी बसलं होतं. आणि त्याचे दोन्ही कान दोन इवल्याशा मुठींनी घट्ट, पार लाल होईस्तोवर धरलेले.

फोटोच्या अगदी खालच्या कडेला, जवळजवळ कापले गेलेले, दोन बुटांचे शेंडे होते. निळे. डाव्यावर पिवळा डाग.

बूट भिंतीशी नव्हते. ते पायांत होते. फोटो काढणाऱ्याच्या.

माझा अंगठा स्क्रीनशॉटच्या बटणावर होता. दाबायचा म्हणजे एक क्षण नजर हलवायची. मी नाही दाबला. बघत राहिले. दाराबाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं आणि कोणीतरी “श्श” केलं.

“उघड की गं,” सासूबाई म्हणाल्या.

मी उघडलं. ऊन, फरशी, प्लास्टिकमधलं गुबगुबीत पायपुसणं. कोणी नव्हतं. पण जिन्याच्या कठड्याचा एक गज अजून थरथरत होता, आणि हात लावल्यावर थांबला.

सासूबाईंचं घड्याळ खणखणलं तेव्हा अकरा मिनिटं पूर्ण होत होती. त्याच वेळी चष्म्याच्या बाई धापा टाकत शेवटची पायरी चढल्या. एका सेकंदाचाही फरक नव्हता.

“जिंकलो!” सासूबाईंनी बाईंना मिठीच मारली. बाईंनी हेल्मेट सावरलं, पिशवी ठेवली, मागे सरकल्या, फोटो काढला. माझा फोटो गेला. जाऊ दे.

“ताई, रडताय का?” बाईंनी विचारलं. “सूप सांडलेलं नाही, बघा.”

“भांडी हिच्याकडे आहेत ना, म्हणून,” सासूबाई म्हणाल्या.

७

आम्ही जेवायला बसलो आणि फोन वाजला. वारा, खरखर, मग तो.

“अगं, दोन दिवस वरची पायवाट बंद होती, दरड आली होती. आत्ता कुठे वर आलो. तुम्ही जेवलात? काय मागवलं? कोण जिंकलं?”

मला दोन दिवसांत रचून ठेवलेलं बरंच बोलायचं होतं. मी विचारलं, “बूट कुठे आहेत?”

“बूट?” वाऱ्यात तो हसला. “पायांत. कुठे असणार?”

फोन तुटला. सासूबाईंनी माझ्या ताटात जास्तीचा घास वाढला आणि म्हणाल्या, “आता नीट जेव.” माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या.

मी भांडी घासली, सगळी, दोनदा. हात पुसले आणि दार उघडून बाहेर गेले. पाटीसमोर उभी राहिले. निळसर पापुद्र्यात माझा नुसता एक डाग दिसत होता. उद्या मी पुन्हा टेबलावर बसेन, लोक पुन्हा विचारतील, या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा का? कंपनीचं उत्तर मला पाठ आहे. माझं उत्तर असं आहे की वेळेचं काही सांगता येत नाही. एवढंच.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. कधीतरी एका ढगाळ दुपारी या पाटीत कोणाला तरी दिसायचं आहे. आणि पापुद्र्यात काही दिसत नाही.

मी नखाने कोपरा उचलला. मागे सपाता वाजल्या. मी गोठले. आता बोलणी खाणार, असं वाटलं.

सासूबाईंनी आधी पाटीकडे बघितलं. मग त्यांनी पायाने पायपुसण्याचं प्लास्टिक बाजूला सारलं, त्या हिरव्या गादीवर दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हळू. एका दमात ओढ, नाहीतर डाग राहतात.”

मी ओढलं. चर्रर्र आवाज झाला आणि पाटीत आम्ही दोघी लख्ख उगवलो, त्या थोड्या खाली, मी थोडी वर. आमच्या मागे जिन्याची खिडकी होती, आणि तिच्यात भरपूर मोकळी जागा होती.